यांच्या आवाजाची सीडी

"काकू, काका अजून 'चहापा' म्हणतायत. शेवटचा 'पा' उडवा," मास्तरीणबाई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. माझ्या धाकटीहून लहान पोरगी, पण शिकवते म्हटल्यावर मी तिला मास्तरीणबाईच म्हणायची.

मी पडद्यावरची ती आवाजाची वाकडीतिकडी रेघ 'हा'पाशी कापली. कानाला लावलेल्या हेडफोनमधून यांचा खणखणीत आवाज नुसता 'चहा' म्हणाला. इतकी हरखले की शेजारचा विद्यार्थी बघायलाच लागला.

आमचे हे बसस्टँडवर अनाउन्सर. जन्मभर लोकांना गाड्या सांगितल्या. गेल्या वर्षी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. काही हवं असलं की पलंगाच्या कडेवर वाटी आपटतात. मी भलतंच काहीतरी घेऊन धावते. मग ते चिडतात, मग मी चिडते. बोलून पोट भरलेल्या माणसानं वाटी आपटायची, हे मला बघवेना. म्हणून या वयात मल्टिमीडियाच्या क्लासला नाव घातलं. चित्रावर क्लिक केलं की कॉम्प्युटर तो शब्द बोलेल, अशी सीडी मला करायची होती.

मुलगा म्हणाला, "आई, अशा सीडी तयार मिळतात गं."

"त्यात तुझ्या बाबांचा आवाज मिळतो का?" मी विचारलं.

आवाज होता कपाटातल्या कॅसेटमध्ये. गर्दीच्या दिवसांत घसा बसतो म्हणून यांनी घोषणा भरून ठेवलेल्या. 'पिण्याचे पाणी फलाट चारजवळ' यातून पाणी काढलं, 'तिकीट खिडकी'तून खिडकी, 'गाडी चहापाण्यासाठी थांबेल' यातून चहा. 'प्रवाशांत कोणी डॉक्टर असल्यास' यातून डॉक्टर.

क्लासात सगळं झकास चाललं. सीडी घरी आणली, मुलाचा कॉम्प्युटर पलंगाशी ओढला, यांचा डावा हात माउसवर ठेवला. यांनी पेल्याचं चित्र दाबलं. काही नाही. कप दाबला, खिडकी दाबली. चित्रं दिसत होती, आवाजाचा पत्ता नाही. यांनी माझ्याकडे असं बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी सीडी बघून कपाळाला हात लावला. "काकू, आवाज इथल्या मशीनवरून जोडलेत तुम्ही. सीडीत घेतलेच नाहीत. घरी कुठून सापडणार?"

"म्हणजे यांचा आवाज इथंच राहिला?"

"इथंच. उद्या वेबसाइट केलीत तरी हेच होईल. आधी आवाज सोबत घ्यायचे, मग जोडायचे."

सगळं पुन्हा जोडलं. संध्याकाळी यांनी पेला दाबला आणि "पाणी" असा तो स्टँडभर घुमणारा आवाज आमच्या खोलीत घुमला. यांचं बोट थबकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा "पाणी".

"ओळखलात ना?" मी कौतुकानं विचारलं.

यांनी माउस ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. माझं डोकंच फिरलं. एवढी मरमर केली आणि त्याचं हे? चार शब्द सुनावायला पुढं झाले, तर यांचे खांदे हलताना दिसले. आपलाच धडधाकट आवाज, आणि तो आता कॉम्प्युटर बोलणार. हे रोज ऐकायला लावणार होते मी यांना. मी सीडी काढून घेतली. त्या रात्री दोघंही धड जेवलो नाही.

सकाळी क्लासात जाऊन सगळे शब्द माझ्या आवाजात भरले. माझा आवाज बसका, त्याला काय करणार. मास्तरीणबाईंनी ते एकेका चित्राला जोडून दिले. शेवटी म्हणाल्या, "एक चौकोन उरलाय काकू. तुमचा फोटो टाकू या? त्याला शब्द काय देता?"

हे मला कधी नावानं हाक मारत नसत. मी माइकजवळ गेले आणि म्हटलं, "अगं."

आता मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून माझाच बसका आवाज मला बोलावतो, "अगं." मी ओ देते, हात पुसते, जाते. काय हवंय म्हणून विचारलं तर कधी पाणी दाबतात, कधी चहा. बरेचदा काहीच दाबत नाहीत. मग मी पलंगाच्या कडेवर बसते थोडा वेळ.