माहनिसाच्या घरचे बर्फाचे फावडे

मित्रांनो, इराणमधल्या झाग्रोसच्या डोंगरात लूर लोकांच्या एका गावात मंदनी नावाच्या मेंढपाळाने मला अक्रोडाच्या फळीतून तासून काढले. मी बर्फ लोटायचे एक जुने लाकडी फावडे आहे. आमच्याकडची छपरे मातीची आणि सपाट. त्यांवर बर्फ साचू दिला की तुळया मोडतात. त्यामुळे हिवाळ्यात घरात माझा मान मोठा असे.

उन्हाळ्यात मी दारामागे टेकून असायचो. तिथून मंदनीची आई माहनिसा मला रोज दिसे. ती थंडीच्या खुणा बघायची. कांदा सोलताना त्याची साल बोटांत चोळून बघायची; साल जितकी जाड, तितकी थंडी कडक. मुंग्या किती दिवस दाणे वाहतात, रानडुकरे डोंगरावरून कधी उतरतात, बिहीच्या, म्हणजे आमच्याकडच्या पिवळ्या आंबट फळाच्या, झाडाला किती फळ धरते, सगळे तिच्या ध्यानात असे.

एका वर्षी तिने कडक थंडी सांगितली. तिच्या शब्दावर गावाने वरच्या कुरणांतून कळप तीन आठवडे आधीच खाली आणले. पण हिवाळा सौम्यच गेला. चांगले गवत वरच राहिले आणि गावभर माहनिसाचे हसे झाले.

पुढच्या शरदात बिहीच्या फांद्या फळांच्या भाराने मोडू लागल्या. कांद्याची साल चामड्यासारखी जाड निघाली. डुकरे महिनाभर आधीच ओढ्यापर्यंत आली. माहनिसा दोन दिवस घराच्या तुळया निरखत फिरली. तिसऱ्या दिवशी ती लेकाला म्हणाली, “मंदनी, छपराला मधोमध एक खांब दे.”

“दा, परत गेल्या वर्षीसारखं झालं तर?” आईला तो ‘दा’ म्हणे.

“तर हसतील. हसू देत. खांब काही कुजत नाही.” मंदनीने खांब उभा केला.

मग ती शेजारच्या खुदाकरमच्या अंगणात गेली. भिंत एकच असल्याने मला सगळे ऐकू आले.

“खुदाकरम, तुझी मोठी तुळई चिरलीय. बर्फ पडायच्या आत टेकू लाव.”

“का गं खाला, यंदा डुकरं घरी येऊन सांगून गेली वाटतं?” तो तिला ‘खाला’, म्हणजे मावशी, म्हणे.

“हो, गेली ना. तुझंच नाव घेत होती.”

वाटेवरचे लोक खदखदून हसले. माहनिसाही हसली, पण पुन्हा त्याच्या अंगणात गेली नाही. खुदाकरमने टेकू लावला नाही.

त्या हिवाळ्यात सगळ्या वाटा बुजाव्यात, असा बर्फ चार दिवस पडला. मंदनी मला घेऊन दिवसातून तीनदा छपरावर चढायचा. चौथ्या दिवशी सकाळी शेजारची तुळई कडाडून मोडली आणि छप्पर खाली आले. खुदाकरम गोठ्यात होता. त्याची बायको सेतारे आत भाकऱ्या भाजत होती.

मंदनीने मला उचलले आणि तो धावला. माती, बर्फ, दगड. एका दगडावर माझी कड तुटली, तरी मी चालत राहिलो. माहनिसा गुडघ्यांवर बसून हातांनी उकरत होती आणि हाका मारत होती, “सेतारे! अगं पोरी, ओ दे!” दुपारी सेतारे सापडली. ओ द्यायला ती उरली नव्हती.

खुदाकरम बर्फातच बसला. “खाला, मी हसलो होतो गं.”

मला वाटले, आता ती त्याला बोल लावील. पण तिने आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. “चुकलं माझंही. गेल्या वर्षीच्या हसण्याला भ्याले. एकदाच सांगितलं आणि निघून आले. रोज येऊन डोकं खायला हवं होतं तुझं.”

त्यानंतर दर शरदात ती घरोघर जायची. तिचे अंदाज कधी खरे ठरत, कधी साफ चुकत. पण छपरे मात्र सगळ्यांची तपासली जात, आणि चिरलेल्या तुळया खुदाकरम स्वतः बदलून द्यायचा.

आता माहनिसा नाही. गावात उतरत्या पत्र्याची छपरे झाली. बर्फ आपोआप घसरतो. मी गोठ्यात पेंढ्याखाली पडून आहे. दांड्याला कीड लागली आहे.

मित्रांनो, वर्षातून एकदा कोणी मला अक्रोडाचे तेल चोळले, तर मी अजून पाच-सहा हिवाळे काढीन. आणि कधी कोणी तुमच्या दारात येऊन म्हणाले, “छपराकडे बघ रे”, तर आधी मान वर करून बघा. हसायचे असेल तर मग हसा.