भाच्याची यांगोना

इसोआने यांगोनाच्या, म्हणजे कुटून पेय करायच्या, मुळ्यांची जुडी मानाची भेट म्हणून चटईवर ठेवली. दोन्ही हात जोडून तो रीतीचं बोलू लागला, "आजोळच्या घरा, आजोळच्या दारा, आजोळच्या पाण्या..." आणि त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच सिरेलीमामाने जुडी उचलून छातीशी धरली. किती दिवसांनी आला होता बहिणीचा लेक! जुडी मांडीवर ठेवून मामाने खोल आवाजाच्या टाळ्या वाजवल्या. जुडी घेतली, टाळी वाजली. म्हणजे येणाऱ्याचं मागणं मान्य झालं.

इसोआ हसला. "बरं झालं मामा, मला वाटलं तू अडवशील. आजच्या ओहोटीलाच उतरतो मग. बंद खडकावर."

सिरेलीच्या मांडीवरची जुडी दगडासारखी जड झाली.

नावुनिवी गावचा म्हातारा सरदार वारला, तेव्हा गावाने त्याच्या नावाने पोवळ्याचा तो खडक बंद केला होता. खडकाशी कळक रोवला, त्याला सरदाराच्या अंगावरचं कापड बांधलं. मरणानंतरच्या शंभराव्या रात्रीच्या जेवणापर्यंत तिथे गळ नाही, जाळं नाही. राखण सिरेलीकडे. आता कुठे खडक अंग धरू लागला होता. पोपटमासे थव्याने चरत होते, वाळूत समुद्रकाकड्या, काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी, लोळत होत्या. गावच्या बाया दुसऱ्या टोकाला दिवसभर गळ टाकून मूठभर मासळी आणत, पण इकडे फिरकत नव्हत्या. सरदाराचं जेवण ह्याच पाण्यातून निघायचं होतं, आणि पुढची मासळीही.

किनाऱ्यावर इसोआची होडी उभी होती. तीत पाणबुड्यांना हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, पिवळ्या नळ्यांची वेटोळी, आणि चार दांडगे गडी. एका दुपारीत ते वाळूतल्या साऱ्या समुद्रकाकड्या झाडून नेतील.

"इसोआ, तो खडक सोडून काहीही माग."

"मागायचं कशाला? मी भाचा आहे. आजोळचं हवं ते भाच्याने न्यावं, ही रीतच आहे. लहानपणी तुझं डुक्कर ओढत नेलं, तेव्हा हसत होतास."

"डुक्कर माझं होतं रे."

"आणि म्हातारा सरदार कोण होता? आईचा चुलताच ना? मग मी काय परका?" इसोआचा आवाज उतरला. "मामा, सुवा शहरच्या व्यापाऱ्याला समुद्रकाकड्यांचा शब्द दिलाय मी. आमच्याकडचा समुद्र आम्हीच खरवडून खाल्ला. तिथे आता काही राहिलं नाही. आणि तू टाळी वाजवलीस. माझ्या गड्यांनी ऐकली."

तो उठून होडीकडे गेला.

दारात केलेरा उभी होती, सिरेलीची बायको. "पोराचं बोलणं संपेस्तोवर दम नाही निघाला तुम्हाला? जुडी काय पळून चालली होती?"

घेतलेली यांगोना तशीच परत करणं म्हणजे भाच्याच्या तोंडावर दार लावणं. भाच्याच्या नव्हे, बहिणीच्या. एकच वाट होती, आणि तिचं नाव सिरेलीच्याने घेववेना.

केलेरानेच आढ्यावरचं गाठोडं काढलं. आत देवमाशाचा दात होता, मोठी मागणी करताना किंवा क्षमा मागताना द्यायचा, तेलाने पिवळा झालेला, सुंभाच्या दोरीचा. थोरल्या लेकासाठी मुलगी मागायला जपलेला. दुसरा घरात नव्हता.

"थोरल्याला मी समजावते," ती म्हणाली. "जा तुम्ही, होडी ढकलतायत."

खरंच ढकलत होते. कॉम्प्रेसर फटफटू लागला होता. सिरेली धावला आणि होडीपुढे, गुडघाभर पाण्यात, भाच्यासमोर गुडघ्यांवर बसला. एका हातात जुडी, दुसऱ्यात दात. वाळूवर गाव जमलं.

"तुझं बोलणं ऐकलं नाही, आधीच घेतलं," सिरेली म्हणाला. "चूक माझी. तुझी यांगोना तुला परत. हा दात घे आणि मला मोकळं कर."

"मामा, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत."

"आईला कळलं ना, तू माझ्यापुढे वाकलास, तर ती माझं तोंड बघायची नाही."

"मग घे लवकर."

"आणि नाही घेतला तर?"

"तर मी इथेच आहे. माझ्यावरून होडी ने."

एक गडी पुटपुटला, "भरती लागली, इसोआ. बोल काय ते." पाणी सिरेलीच्या कमरेवर आलं, मग छातीला लागलं. वर धरलेले हात हळूहळू खाली येत होते. दात पाण्याला टेकला की तो पुन्हा उचलायचा. इसोआ त्या हातांकडे बघत राहिला. डुक्कर नेलं त्या दिवशी ह्याच हातांनी दोरी त्याच्या मुठीत दिली होती.

"बंद कर ते," तो गड्यावर खेकसला. कॉम्प्रेसर थांबला.

इसोआ पाण्यात उतरला. त्याने जुडी घेतली आणि मग दात, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. टाळी मात्र वाजवली नाही.

"मोकळा केला तुला. पण मामा, ह्या गावचं पाणी मी आता पिणार नाही."

होडी वळली. केलेरा कमरेला गुंडाळलेला सुलू वर खोचून पाण्यात आली. सिरेलीचे गुडघे शिंपल्यांनी फाटले होते, पाण्यात रक्ताची बारीक दोरी तरंगत होती.

"उठवतंय का?"

"तो वळून बघतोय का गं?"

केलेराने कपाळावर हात धरून दूरवर पाहिलं.

"नाही."

"मग बसू दे जरा," सिरेली म्हणाला. "बघत असता तर उठलो असतो." ती त्याच्या शेजारी उभी राहिली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, होडी टोकाआड जाईपर्यंत.