बगळ्याखालची सही

शेषगिरी बढाईखोर माणूस नव्हे. तंजावूरच्या वीजमंडळात तेहतीस वर्षं काढून तो कारकुनाचा हेडक्लार्क झाला, एवढीच काय ती त्याची मजल, आणि तिचंही त्याने कधी कौतुक सांगितलं नाही. पण घरी कोणी आलं, कॉफी झाली, की तो लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडे आणि कडुनिंबाच्या पाल्यात जपलेली सहा जाडजूड पुस्तकं बाहेर काढी. "अक्काचा कोक्कु," असं म्हणून एकेक पान उलटू लागे. कोक्कु म्हणजे बगळा. पाहुण्याची मग तासभर सुटका नसे, आणि शेषगिरीची बायको रंजना दुसऱ्यांदा कॉफी टाकायला आत निघून जाई.

ही पुस्तकं दुकानातली नव्हती. तमिळ मुलखात एक जुनी हौस आहे. साप्ताहिकातली क्रमशः येणारी गोष्ट दर आठवड्याला फाडून ठेवायची, पुरी झाली की बांधून घ्यायची, आणि उरलेला अंक रद्दीत घालायचा. घरोघरी अशी बांधलेली पुस्तकं असत. बाकीचे लोक बाइंडरकडे जात. शेषगिरीने मात्र सोळाव्या वर्षापासून सगळं स्वतःच्या हाताने केलं. ब्लेड, पोलादी फूटपट्टी, दाभण, दोरा आणि मैद्याची खळ एवढा त्याचा संसार. सहा वर्षं, तीनशे बारा पानं, आणि एकाही पानाची कड वाकडी नाही.

चित्रं होती त्याच्या थोरल्या बहिणीची, कनकलताची. ती तेव्हा विशी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारी. तिच्या चित्रमालिकेत कावेरीकाठच्या एका गावात बगळा पोस्टमास्तर होता, म्हैस हेडक्लार्क आणि बेडूक पोस्टमन. बेडूक इमानी खरा, पण साहेब शेवटी बगळा. म्हणून तो काउंटरपासून चार हात लांब उभा राहून टपालाची पिशवी फेकी. साहेबालाही ते कळे आणि तो बिचारा दर वेळी ओशाळे. एवढ्या एका गमतीवर कनकलताने मद्रासच्या एका साप्ताहिकाचं शेवटचं पान सहा वर्षं हसतं ठेवलं. एकोणऐंशी साली तिचं ओरत्तनाडूला लग्न झालं आणि बगळा थांबला.

ते साप्ताहिक बंद पडूनही आता तीसेक वर्षं झाली. पण मेलेल्या साप्ताहिकांना हल्ली बरे दिवस आलेत. चेन्नईत भरद्वाज नावाचा चाळिशीचा एक प्रकाशक प्राण्यांच्या जुन्या विनोदी चित्रमालिका हुडकून त्यांचे संग्रह काढतो. पुठ्ठ्याची पेटी, गुळगुळीत कागद, प्रती मोजक्या आणि प्रत्येकीवर आकडा घातलेला. घेणारे सगळे साठीच्या पुढचे. नातवंडांसाठी घेतो म्हणतात आणि नातवंडांना हात लावू देत नाहीत. ह्या बाजारात ज्याच्याकडे मालिका अखंड असेल तो राजा. आणि कोक्कूची अखंड मालिका उभ्या तमिळनाडूत एकट्या शेषगिरीकडे निघाली.

भरद्वाज तंजावूरला आला. दोन दिवस तो शेषगिरीच्या ओसरीवर स्कॅनर मांडून बसला. पुस्तकांच्या कडांवरून बोट फिरवत तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, तुम्ही नसता तर कोक्कु कधीच मेला होता." शेषगिरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याच्या हातच्या कामाला काम म्हटलं होतं. अक्काला ह्यातलं काही कळवायचं नाही, छापलेलं पुस्तकच तिच्या हातात ठेवायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरी गुंडाळता गुंडाळता भरद्वाज सहज म्हणाला, "चित्रकार म्हणून गणेशकुमार सारांचं नाव घालतोय. वरच्या बाजूला, मोठं."

"कोण गणेशकुमार?"

"साप्ताहिकाच्या चित्रविभागाचे प्रमुख. मी हक्क विकत घेतले त्या कागदांत तेच नाव आहे. ते वारले. त्यांच्या मुलीने संमती दिलीय."

शेषगिरी हसला. "अहो, ही माझ्या बहिणीची चित्रं. केव्हापासून सांगतोय, अक्काचा कोक्कु म्हणून."

भरद्वाजचे हात थांबले. "मला वाटलं, अक्कांची आवडती मालिका म्हणून तुम्ही तसं म्हणता." तो शांतपणे खाली बसला. माणूस वाईट नव्हता, हे शेषगिरीनेही पुढे कबूल केलं. "सार, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण कागदात एक नाव असताना मी दुसरं छापलं तर उद्या कोर्टात मी काय दाखवू? नाव छापलेलं एक पान द्या. एकच पुरे."

"एक कशाला? तिची सही प्रत्येक पानावर आहे," असं म्हणत शेषगिरीने वरचं पुस्तक उघडलं. त्याचं बोट चौकटीच्या खाली गेलं आणि थेट टेबलाला टेकलं.

चौकटीच्या आत कोणाचं नाव येता कामा नये, असा त्या साप्ताहिकाचा दंडक होता. म्हणून कनकलता चौकटीच्या बाहेर, खालच्या समासात, बारीक तमिळ अक्षरांत 'कनका' अशी सही करी. तिच्याखाली दर आठवड्याला एका दंतमंजनाची जाहिरात असे. दात विचकलेला एक माणूस. शेषगिरीला त्या माणसाचा मनस्वी तिटकारा. आपल्या सुंदर पुस्तकात तो नको, म्हणून तो फूटपट्टी नेमकी चौकटीच्या रेघेला लावी आणि ब्लेड ओढी. दात विचकलेला माणूस जाई आणि त्याच्याबरोबर सहीही जाई. सही दिसत नव्हती असं नाही. चांगली दिसत होती. पण हे कोणाचं आहे ते घरात कोणाला सांगायला हवं होतं? इतका सरळ, इतका साधा विचार. तीनशे बारा वेळा त्याने आपल्या बहिणीचं नाव कापून चुलीत घातलं होतं, आणि वर कड सरळ आली म्हणून खूश झाला होता.

पुढचा दीड महिना शेषगिरीने पायाला भिंगरी लावली. तंजावूर, कुंभकोणम, तिरुचीची वाचनालयं त्याने धुंडाळली. जुने अंक कुठे कुठे होते, पण शेवटचं पान एकात नव्हतं. ज्याने त्याने ते फाडून नेलं होतं, बांधायला. इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून अख्खा अंक मागवला, त्यातही पान गायब. कोइंबतूरच्या एका संग्राहकाकडे तिसऱ्या वर्षाचं बांधलेलं पुस्तक होतं. त्याने फोटो पाठवला. बाइंडरने यंत्राखाली धरून चौकटीपर्यंत साफ उडवलेलं. ज्यांनी बगळ्यावर प्रेम केलं त्या सगळ्यांनी मिळून तिला कापलं होतं.

दुसरा पुरावा तरी असावा? मूळ चित्रं साप्ताहिकाने कधी परत केली नाहीत. मनीऑर्डर येई ती वडिलांच्या नावे. मुलीच्या नावाने पोस्टमन दारात यायला नको, असं वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, म्हणणं. शाळेतल्या तिच्या मैत्रिणी कोणी उरल्या नव्हत्या. रंजना एकदा म्हणाली, "अक्कांनाच विचारा. त्यांच्याकडे असेल एखादा कागद." तो तिच्यावर वसकन ओरडला. अक्काला विचारायचं म्हणजे काय केलं ते आधी सांगायला हवं होतं, आणि तेवढी छाती त्याला होत नव्हती.

भरद्वाजने पंधरा दिवस थांबतो म्हटलं होतं, तो दीड महिना थांबला. मग गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. पुस्तक छापायला गेलं. "पुढच्या आवृत्तीत बघू सार," तो फोनवर म्हणाला. ह्या धंद्यात पुढची आवृत्ती नसते. एकदाच निघतं, म्हणून तर विकलं जातं. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांनीही 'बरं' म्हणून फोन ठेवला.

पुस्तक आलं त्या दिवशी शेषगिरीने ते उघडलंच नाही. पेटीसकट पिशवीत घालून त्याने ओरत्तनाडूची बस पकडली. सांगितलं नाही, तरी शेजारपाजारच्या मोबाइलवरून कधीतरी तिला कळणारच. त्यापेक्षा आपल्या तोंडून कळू दे.

कनकलता तालुका कचेरीमागच्या घरात एकटी राहते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. ती दारातच शेंगा सोलत बसली होती.

"आलास? जेवलास कीं?" तिने घरच्या जुन्या तंजावुरी मराठीत विचारलं.

"जेवलों," तो खोटं बोलला आणि पेटी तिच्यासमोर ठेवली.

तिने पदराला हात पुसले. झाकणावर बगळा एका पायावर उभा होता, आणि वर मोठ्या अक्षरांत गणेशकुमार. तिने बोटाने ते नाव एकदा चाचपलं आणि पुस्तक बाहेर काढलं. पानं उलटता उलटता ती हसली. बेडूक पिशवी फेकतो आणि ती म्हशीच्या शिंगात अडकते, त्या पानावर तर डोळ्यांत पाणी येईतो हसली. शेषगिरीला वाटलं, ही अशीच हसत राहिली तर आपल्याला वेड लागेल.

"अक्का, तुझें नांव नाहीं त्यांत. मीं कापलें. त्या दंतमंजनासंगतीं सगळीं कापलीं. माझेमुळें झालें हें."

"ठावें मला."

"कसें ठावें?"

"पहिलें पुस्तक बांधून दीपावळीला आणून दाखवलास, तेव्हांच दिसलें."

"मग बोलली कां नाहींस?"

"तूं किती खुशीनें दाखवीत होतास. अप्पांनीं तुझी पाठ थोपटली. त्यांत मी काय बोलूं?" तिने एक शेंग उचलून सोलली. "वाटलें, पुढच्या वर्षीं ठेवील. पुढच्या वर्षीं दुसरें आणलास. मग मी पाहायचें सोडलें."

"पण सही करीत राहिलीस."

"राहिलें. दुसऱ्या कोणाच्या घरीं तरी राहील म्हणून."

कुठल्याच घरी राहिली नाही, हे शेषगिरीला आता कोणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. कोइंबतूरचा फोटो तिला दाखवायचा नाही, एवढी एक दया त्याने स्वतःवर की तिच्यावर, कोण जाणे, केली.

तिने शेवटचं पान उघडलं. तिथे बारीक टाइपात काहीतरी होतं. चष्मा डोळ्यांजवळ नेत तिने एकेक अक्षर लावून वाचलं, "ह्या संग्रहासाठीं सर्व पानें देणारे, कोक्कूचे रक्षक, तंजावूरचे श्री. शेषगिरी." भरद्वाजने न विचारता, निव्वळ आपुलकीने छापलं होतं. शेषगिरीला ते ठाऊकच नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

कनकलताने मात्र ती ओळ पुन्हा वाचली, आणि तिचा चेहरा खुलला. त्यात टोमणा शोधून शोधूनही त्याला सापडला नाही.

"आपल्या घरचें नांव आलें कीं," ती म्हणाली. आत जाऊन तिने पेन आणलं. "सही कर ह्यावर. शेजारीं दाखवीन."

"अक्का, तूं कर. तुझें आहे तें."

"मी? त्या पुस्तकाची मी कोण?"

तिने बगळ्याचं पहिलं पान काढून त्याच्यापुढे धरलं. त्या कापलेल्या पानांभोवती भरद्वाजने चहूबाजूंनी नवा पांढरा समास सोडला होता. चौकटीखाली ऐसपैस जागा होती. शेषगिरीने पेन टेकवलं आणि बारीक तमिळ अक्षरांत 'क' काढला. पुढचं अक्षर काढणार तोच तिने त्याचं मनगट धरलं.

"माझी सही तूं केलास तर ती खोटी होईल, शेषू. तुझी कर."

त्याने 'क' खोडला आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं.