‘लाबास’ म्हणणारी पाठ

विमा कचेरीचं पत्र मुनजीने तीनदा वाचलं, घडी घातली आणि पावाच्या टोपलीखाली सरकवून दिलं. पावाखाली ठेवलं की ते मऊ होईल असं त्याला वाटलं असावं. पण दुपारी पाव काढताना ते दलीलाच्या हाती लागलंच. बायकोच्या स्वयंपाकघरात पत्र लपवण्यात आजवर कुणीही नवरा यशस्वी झालेला नाही.

अपंगत्व वेतनाचा अर्ज नामंजूर झाला होता. आणि कारण? ‘आपणास कोणताही त्रास नाही असे अर्जदाराने वैद्यकीय मंडळासमोर स्वतःच सांगितले.’

“तू असं सांगितलंस?” दलीलाने विचारलं.

“मी कशाला सांगेन? मला काय वेड लागलंय?”

मोकनीन गावातल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यात मुनजीने बावीस वर्षं काढली होती. कोरडी जीन्स कुणीही उचलेल, पण ओली तिच्या तिप्पट वजनाची असते. अशा ओल्या जीन्सचे ढीग यंत्राच्या पोटातून वाकून उपसायचे आणि वळून गाडीत टाकायचे. दिवसातून किती वेळा, ते त्याच्या मणक्यालाच ठाऊक. सहा वर्षांपूर्वी कमरेतली एक चकती सरकली, मागोमाग दुसरी. शस्त्रक्रिया झाली, पण दुखणं काही हललं नाही. आता आजारपणाची रजाही संपत आली होती. विम्याचं वेतन मंजूर झालं नाही तर तीन महिन्यांनी त्याला पुन्हा त्याच यंत्रासमोर वाकावं लागणार होतं. आणि पुन्हा वाकलास तर सरळ होशील याची खात्री नाही, असं शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी साफ बजावलं होतं.

मग मंडळासमोर असं झालं तरी काय? रात्रीच्या जेवणापर्यंत मुनजीला हळूहळू आठवत गेलं. डॉक्टरांसमोर जायचं म्हणून त्याने गुळगुळीत दाढी केली होती, पुतण्याच्या लग्नातला कोट चढवला होता, बूट चमकवले होते. आत गेल्यावर डॉक्टरांनी हात पुढे करून विचारलं, “लाबास, सी मुनजी?” आणि मुनजी म्हणाला, “लाबास, अल्हमदुलिल्लाह.” पाठीचं विचारल्यावर म्हणाला, देवाची कृपा, चालायचंच. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

आमच्या अरबीत ‘सी’ म्हणजे तुमचं ‘राव’, अल्हमदुलिल्लाह म्हणजे ‘देवाचे आभार’, आणि लाबास म्हणजे ‘काही त्रास नाही’. तुमच्याकडच्या ‘मजेत’ची ती सख्खी बहीण. आमच्याकडे मयताच्या घरी गेलेली माणसंसुद्धा दारात एकमेकांना आधी ‘लाबास’ विचारतात, ‘लाबास’ सांगतात आणि मग रडायला बसतात. मुनजीने नुसता नमस्काराला नमस्कार केला होता. कागदावर मात्र त्याची जबानी झाली.

दुसऱ्या दिवशी दलीलाचा भाऊ लासाद आला. हा टॅक्सी चालवतो आणि जगातल्या सगळ्या कचेऱ्या आपल्याला कळतात असं समजतो. येताना त्याने कुणाची तरी कुबडी आणि कमरेचा रुंद पट्टा आणला होता. अपील करायचं हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण पुढचं सगळं नाटक होतं. दाढी चार दिवसांची हवी, कोट नको, खुर्चीत बसताना ओरडायचं आणि बाजारात चालत जातो हे तर मेलं तरी सांगायचं नाही.

“चल, एकदा कण्हून दाखव,” लासाद म्हणाला.

मुनजी कण्हला.

“हे काय? बोकड शिंकल्यासारखं वाटतंय. पोटातून येऊ दे.”

हे शिक्षण ऐन रंगात आलेलं असताना शेजारच्या बेय्याबाई, आमच्या भाषेत लल्ला बेय्या, पिठाची चाळण परत करायला आल्या. सरकारी इस्पितळात पस्तीस वर्षं परिचारिका होत्या त्या. गल्लीतल्या निम्म्या माणसांना त्यांनी सुया टोचलेल्या, त्यामुळे त्यांच्यासमोर मोठेपणा कुणालाच जमत नाही. त्या उंबऱ्यावर उभ्या राहून जरा वेळ बघत राहिल्या, मग आत येऊन बसल्या आणि सगळी हकिकत ऐकून घेतली.

“बाळा, सकाळी उठल्यापासून तू काय काय करतोस ते सांग,” त्या मुनजीला म्हणाल्या.

मुनजीने सांगितलं. उठतो, नमाज पढतो, कॉफी घेतो, कपडे घालतो, बाहेर एक फेरी मारतो. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने आणखी दोन कारखाने चालवावेत.

“आणि बूट?” चुलीपाशी उभी असलेली दलीला म्हणाली.

मुनजीने मान खाली घातली. लल्ला बेय्या दलीलाकडे बघत राहिल्या तेव्हा तिने सांगून टाकलं. सहा वर्षं रोज सकाळी खोलीचं दार लावून ती गुडघ्यांवर बसते आणि नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या बांधते. मुलांनाही ठाऊक नाही. बाहेर पडताना तो ताठ चालतो. परत आला की तासभर फरशीवर उताणा पडून राहतो आणि तेव्हा दारावर कुणी थाप मारली तर तिने सांगायचं, ते घरी नाहीत.

लासादने हातातली कुबडी भिंतीला टेकवून ठेवली.

“हे तू डॉक्टरांना का नाही सांगितलंस?” लल्ला बेय्यांनी विचारलं.

“लल्ला, रडगाणं गायची सवय नाही मला. देवाने दिलंय, सोसायचं. आणि… कारखान्यात ती सलूहा होती ना, ती पाठ धरून मुकादमाकडे हलकं काम मागायची. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, हिच्या कमरेला नखरे सुचलेत. सगळे हसले होते. आता मी कोणत्या तोंडाने सांगू?”

लल्ला बेय्या हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “अय्यूब नबींपेक्षा तू मोठा सोशिक का? अंगभर रोग सोसला त्यांनी, त्यांच्या धीराचे दाखले जग देतं. पण त्यांनीही देवाला हाक मारून सांगितलंच की, मला दुःखाने गाठलंय. देवाला तर न सांगताही कळत होतं. तरी सांगितलं. तुझ्या डॉक्टरांना न सांगता कळायला ते काय देव आहेत?”

मुनजीने लासादने आणलेला पट्टा बाजूला सारला.

“एक्स-रेच्या फोटोत मणका दिसतो रे, माणूस दिसत नाही. तो आपणच दाखवायचा असतो. आणि तू,” त्या लासादकडे वळल्या, “ती कुबडी ज्याची आहे त्याला देऊन ये, तो बिचारा घरात अडकून पडला असेल. दुखणं झाकणं हे खोटं आणि वाढवून सांगणं हेही खोटंच. आहे तेवढं सांगायला काय होतं तुम्हा पुरुषांना?”

अपिलाचा अर्ज गेला. पाच आठवड्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी, मोनास्तिरला, दुसऱ्या मंडळाचं बोलावणं आलं. मुनजीने दाढी केली, कारण तो रोज करतो. दलीलाने नाड्या बांधल्या, कारण ती रोज बांधते. पण या वेळी ती म्हणाली, मीही येते.

टेबलामागे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी हात पुढे केला. “लाबास, सी मुनजी?”

“लाबास, अल्हमदुलिल्लाह,” मुनजी म्हणून गेला!

दलीलाने डोळे मिटले. डॉक्टरांची लेखणी कागदाकडे वळली. तेवढ्यात मुनजी घाईने म्हणाला, “डॉक्टरसाहेब, थांबा. हा माझा सलाम होता. पाठीचं मी अजून बोललोच नाही.”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. “बोला.”

मुनजी बोलला. नाड्यांचं सांगितलं. मशिदीत मागे भिंतीपाशी खुर्चीवर नमाज पढतो आणि विचारणाऱ्याला गुडघ्यांचं निमित्त सांगतो, तेही सांगितलं. मोनास्तिरला येताना गाडीतून दोनदा उतरून उभं राहावं लागलं, सगळे प्रवासी खोळंबले, हेही. तो कण्हला नाही. फक्त सांगताना एकदाही दलीलाकडे बघू शकला नाही.

“सगळे दिवस सारखेच जातात?” डॉक्टरांनी विचारलं.

बाजाराचं नाव काढायचं नाही, असं लासादने याच प्रश्नासाठी पढवून ठेवलं होतं. मुनजी म्हणाला, “नाही साहेब. आठवड्यात दोन दिवस बरे जातात. तेव्हा मी बाजारात चालत जातो, भाजीही आणतो. मग पुढचे दोन दिवस तिची किंमत मोजतो. पण त्या चांगल्या दिवशीही ओली जीन्स उचलवणार नाही.”

डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. मग उठून टेबलाला वळसा घालून आले, त्याला उभं केलं, हळू वाकायला सांगितलं आणि जिथे तो थांबला तिथे थांबू दिलं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. वेतन मंजूर झालं होतं, दोन वर्षांनी पुन्हा तपासणी. या वेळी मुनजीने ते टोपलीखाली ठेवलं नाही. दलीलाच्या हातात दिलं. लासाद गल्लीभर सांगत फिरला की कल्पना त्याचीच होती, आणि कुणी त्याला अडवलंही नाही.

दोन दिवसांनी मुनजी पाव आणायला गेला तेव्हा रांगेत पुढे सलूहा उभी होती. कारखाना सोडून तिला चार वर्षं झाली होती. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला. मुनजीला पाहून तिने नजर वळवली. तो रांग सोडून पुढे गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि तेव्हा जसं सगळ्यांसमोर बोलला होता तसंच आताही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“सलूहाताई, त्या दिवशी मी वाईट बोललो. चूक माझी होती. तुमची पाठ कशी आहे?”

तिच्या तोंडून सवयीने निघालंच, “लाबास, अल्हम…”

“ते झालं,” मुनजी म्हणाला. “आता पाठीचं सांगा. अर्ज कसा करायचा ते मला आता ठाऊक आहे.”

सलूहाने भिंतीवरचा हात काढून डोळे पुसले आणि सांगायला लागली. रांग पुढे सरकली, पण ती दोघं तिथेच उभी राहिली.

मित्रहो, देवाचे आभार जरूर मानावेत, रोज मानावेत. पण आभार मानणं वेगळं आणि दुखणं गिळणं वेगळं. न दिसणारं दुखणं सांगायला धीर लागतो, आणि ऐकणाऱ्याला त्याहून थोडी अधिक माणुसकी. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘बरं आहे’ म्हणालं तर लगेच पुढे निघू नका. क्षणभर थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.