मावशीचं बिस्किट

"उचलला! उचलला!"

आमच्या पुढच्या खोलीत एवढी आरोळी उठली की स्वयंपाकघरात माझ्या हातातलं पातेलं निसटता निसटता राहिलं. मी बाहेर आले तर पाय ठेवायला जागा नाही. शेजारपाजारचे, माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शिलाईच्या दुकानातली जुनी गिऱ्हाइकं, काही तर जन्मात न पाहिलेले चेहरे. सगळ्यांच्या माना टीव्हीकडे. टीव्हीवर आमचे अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसलेले, आणि पक्षाघाताने लुळा पडलेला त्यांचा उजवा हात मांडीवरून सुटून वर वर जातोय, थेट स्पर्शगुरूंच्या तळव्याला जाऊन चिकटतोय. मागे बासरी.

खरे अण्णा त्या टीव्हीखालीच बसले होते. त्यांचा खरा उजवा हात मांडीवर जसाच्या तसा पडलेला होता. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

"हात उचलायचा नसतो, मंडळी," गुरूंचा चेला टीव्हीशेजारी उभा राहून सांगत होता. "हाताला निमंत्रण द्यायचं असतं. गुरूंच्या तळव्यातून लहर निघते, नसांमधला कचरा ढकलते, आणि हात आपणहून येतो. शुद्ध विज्ञान आहे हे. शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही, एवढंच."

"मग आता का येत नाही?" मी विचारलं.

"लहर मुरतेय, ताई."

"मुरायला ते काय लोणचं आहे?"

आईने माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प बसले. चेल्याने जाता जाता बजावलं, "तो चेंडू दाबायचा व्यायाम बंद करा बरं का. व्यायामाने लहर फाटते."

खरी आग लागली ती तिथे. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे सुरुवातीचे महिने सोन्यासारखे आहेत. आत्ता हाताला रोज काम दिलं नाही, तर तो काम विसरून जाईल." आणि अण्णा म्हणजे टेलर मास्तर! कात्री धरणारा हात गेला तर त्यांच्याजवळ उरलं काय? दुकानाचं शटर खाली होतं, पण रोज सकाळी ते विचारायचे, "मशीनला तेल घातलंस ना गं?"

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते. रोज कोणीतरी माझ्या नाकासमोर फोन धरतं, "ह्यात दाखवलीय ती गोळी द्या." चिठ्ठी मागितली की म्हणतात, "व्हिडिओ आहे ना!" त्यामुळे व्हिडिओ म्हटला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच. गुरूंच्या सभेत एवढी गर्दी होती, मग व्हिडिओत एकाचाही आवाज का नाही? फक्त बासरी का? सगळ्यांचे फोन दाराशी का काढून घेतले, आणि शूटिंग एकट्या चेल्यानेच का केलं?

गर्दी पांगल्यावर मी अण्णांसमोर बसले. "तुम्ही हात उचललात?"

"उचलला की. बघ ना व्हिडिओत."

"व्हिडिओ राहू दे. आठवून सांगा."

अण्णांनी डाव्या हाताने उजवा हात चाचपला. "डोळे मिटायला सांगितलं होतं. गुरूंनी माझा हात धरला होता, एवढं आठवतंय. मग..." त्यांची नजर पुन्हा टीव्हीकडे गेली. "उचललाच असणार गं. दिसतोय ना उचललेला!"

मला रडूच आलं. स्वतःच्या हाताचं काय झालं, हे हा माणूस टीव्हीला विचारत होता.

"आई, तू तिथेच होतीस. तू बघितलंस?"

"सगळ्यांनीच डोळे मिटायचे होते," आई म्हणाली. "डोळ्यांतून लहर गळते ना."

घ्या! आख्खं सभागृह डोळे मिटून बसलेलं. सगळ्या गावाने चमत्कार बघितला म्हणतात, तो घरी येऊन, फोनवर.

त्यानंतर चेंडू कोपऱ्यात धूळ खात पडला. मी समजावलं, चिडले, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. आई तर दुपारची कामं आटोपली की चष्मा लावून तोच व्हिडिओ बघत बसायची. एकदा मी जेवत असताना तिचा आवाज चढला.

"बघ, बघ ही बया! मला म्हणते गोड सोडलंय!"

"कोण?"

"तुझी मावशी! अण्णांच्या मागच्या रांगेत बसलीय बघ. आम्ही सगळे डोळे मिटून बसलोय आणि ही चोरून बिस्किट खातेय. क्रीमचं! मधुमेह आहे बाईला, काही वाटतं का?" आईने फोन डोळ्यांजवळ नेला. "आणि संपतही नाही हो मेलीचं बिस्किट!"

"संपत नाही म्हणजे?"

"संपत नाही म्हणजे... अगं, वाढतंय."

मी उष्ट्या हाताने फोन ओढला. मावशीच्या तोंडातून तुकडा बाहेर येत होता आणि बिस्किटाला जाऊन जुळत होता. अर्ध्याचं पाऊण झालं, पाऊणचं आख्खं. मग आख्खं बिस्किट पर्समध्ये गेलं आणि पर्सची चेन लागली.

आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

मी अण्णांजवळ गेले. फोन समोरच्या कपाटावर टेकवून शूटिंग सुरू केलं, त्यांचा उजवा हात धरून वर नेला आणि सोडून दिला. हात धपकन मांडीवर पडला. फोनमध्ये व्हिडिओ उलटा चालवायची सोय असते. तो उलटा करून त्यांना दाखवला. हात मांडीवरून उठला आणि अलगद माझ्या तळव्याला येऊन चिकटला.

अण्णांनी तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाले, "म्हणजे तो पडला होता."

"हो, अण्णा."

"आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, उचलला म्हणून."

त्यांचा चेहरा मला बघवेना. पण हे मीच त्यांना दाखवायला हवं होतं, दुसरं कोण दाखवणार होतं?

रविवारी चेला आला, अण्णांना मोठ्या सभेत मिरवायला न्यायला. पुढची खोली पुन्हा गच्च. आईनेच टीव्ही लावला, आणि या वेळी चष्म्याच्या दांडीने मागची रांग दाखवली. "हात नका बघू. बिस्किट बघा."

लोक बघू लागले. कोणीतरी फिसकन हसलं.

चेला काही कच्च्या गुरूचा नव्हता. "बघितलंत? गुरूंच्या लहरीने अन्नसुद्धा वाढलं! हाही चमत्कारच!"

"हो का?" आई म्हणाली. "बिस्किट तोंडातून बाहेर आलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीची साखर कशी वाढली?"

हशा उसळला. मावशी दाराशीच उभी होती, लाजेने लालबुंद झालेली. ती हळूच म्हणाली, "मला हात पडताना दिसला होता गं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर डोळे उघडे होते, बिस्किट खात होते, सगळंच बाहेर आलं असतं. आणि व्हिडिओत उचललेला दिसला. म्हटलं, माझ्याच डोळ्यांचं चुकलं असेल."

चेला कधी सटकला ते कळलंही नाही. त्याच्या चपला मात्र दारातच राहिल्या.

मी काही व्हिडिओची वैरीण नाही. कॅमेरा समोरचंच टिपतो, पण ते उलटं करणारा, कापणारा, वर बासरी चढवणारा माणूसच असतो. म्हणून तुमच्या फोनवर चमत्कार आला तर जरा थांबा. आवाज कुठे गेला ते विचारा; उलट्या व्हिडिओत बोलणंही उलटं ऐकू येतं, म्हणून तर ती बासरी. मागच्या रांगेकडे बघा. जो तिथे होता त्याला विचारा, आणि तो तुम्हीच असाल तर आधी स्वतःला विचारा. आणि कोणी औषध किंवा व्यायाम सोडायला सांगितला, तर त्याला सरळ दार दाखवा.

चेंडू पुन्हा अण्णांच्या हातात आला. रोज सकाळ-संध्याकाळ, घाम फुटेपर्यंत. किती तरी दिवस काही घडलं नाही. काल ते एकदम म्हणाले, "अंगठा हलला."

मी धावत फोन आणला.

"ठेव तो," अण्णा म्हणाले. "इकडे ये. हात लावून बघ."

मी त्यांच्या अंगठ्याखाली तळवा धरला. अण्णांनी डोळे सताड उघडे ठेवले, दात-ओठ आवळले, आणि माझ्या तळव्याला अगदी बारीकसा दाब लागला.