वाटीतली गाठ

सिंदेवाहीच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर गाठीवाले महाराज, समोर काचेच्या वाटीत पिवळं तेल, हॉलभर कापराचा वास. महाराजांनी चिमट्यात धरलेला लाल गोळा उंच करून दाखवला.

"ही गाठ! एका माउलीच्या छातीतून आम्ही मंत्रानं काढली, रक्ताचा थेंब न सांडता. आता भामरागडच्या पलीकडल्या गुप्त झाडाचं हे तेल तिचं काय करतं ते पाहा."

गोळा तेलात पडला, चुरचुरला आणि बघता बघता आटला. तळाशी लालसर चिकटा उरला. "हे विष," महाराज म्हणाले. बायांनी हात जोडले, कित्येकींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागं रश्मी उभी होती. ती इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि पहिल्या रांगेत हात जोडून बसलेल्या बायांत तिची आई सत्यशीलाबाई होती.

सत्यशीलाबाईंच्या स्तनात सुपारीएवढी गाठ सापडली होती. तपासणीत कर्करोग निघाला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पण त्या दिवशी बाई घराबाहेर पडल्याच नाहीत. महाराजांचा हुकूम होता: एकवीस दिवस तेल चोळा, गाठीला लोखंड लागू देऊ नका. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली ही बाई, पण मरणाच्या भीतीनं तिला पार घेरलं होतं.

"तू काऊन माह्या मांगं लागली?" ती लेकीला म्हणाली होती. "शेजारच्या ठमाबाईले कापलं, अन् सा महिन्यात गेली ते. इथी मी आपल्या डोयानं पाह्यलं, गाठ विरघळते."

"माय, छातीवर पुरळ उठलं तुह्या."

"विष बाहीर येऊन राह्यलं ते."

रश्मीनं वाद घातला नाही. मायच्या बाटलीतलं थोडं तेल तिनं प्रयोगशाळेत नेलं. तिचे विद्यार्थी दरवर्षी संत्र्याच्या सालींतून वाफेनं तेल काढतात आणि त्यात काय काय आहे ते तपासतात. तसली एक कुपी कपाटात होती. दोन्ही तेलांचे ठिपके तिनं एकाच पट्टीवर शेजारी शेजारी दिले, पट्टी द्रावणात उभी केली, मग डाग दिसावेत म्हणून आयोडीनच्या वाफेत धरली. मुख्य डाग एकाच उंचीवर उमटले, म्हणजे दोन्ही तेलं एकच. कसलं गुप्त झाड अन् कसलं काय. रसवाल्यानं फेकलेल्या सालींचं तेल, आणि वास झाकायला वर कापूर. संत्र्याच्या तेलात मुख्य असतं ते लिमोनीन, आणि लिमोनीनमध्ये थर्माकोल विरघळतो. महाराजांची गाठ म्हणजे लाल रंगवलेली थर्माकोलची गोळी होती.

बाटली देताना महाराज बजावत, तेल काचेतच ठेवा, प्लास्टिकला लावू नका, देवाला चालत नाही. रश्मीला ते आठवलं आणि शिसारी आली. या माणसाला सगळं ठाऊक होतं. एखादा भोळा भक्त असता तर तिला त्याची कीव तरी आली असती.

आज ती गर्दीतून वाट काढत पुढं गेली आणि पर्समधून एक बरणी काढली.

"महाराज, हे सादिकभाऊच्या दुकानातलं कोंबडीचं काळीज. तीन दिवसांपासून तुमच्याच तेलात आहे. होतं तेवढंच आहे."

महाराज हसले. "बेटी, मेलेल्या मांसावर मंत्र चालत नसतो."

"अन् तुमच्या चिमट्यातली गाठ जिवंत होती काय?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. महाराजांचा एक चेला तिला हटवायला आला. त्याला बाजूला सारून रश्मीनं प्रसादाच्या ढिगातली थर्माकोलची एक प्लेट उचलली. बंदी असूनही इथं त्याच प्लेटा चालत. ती तिनं आईसमोर धरली.

"माय, आपल्या बाटलीतलं तेल ओत. मंत्र नको, महाराज नको. तूच ओत."

सत्यशीलाबाईंनी बाटलीचं बूच काढलं आणि तेल ओतलं. प्लेट चुरचुरली, मध्ये भोक पडलं, कडेला चिकटा लोंबला. शेजारच्या बाईनं आपली बाटली उघडली आणि प्लेट मागितली, मग तिच्या शेजारणीनं. महाराज देवाच्या कोपाबद्दल काहीतरी सांगत होते, पण सगळ्यांचं लक्ष आपापल्या प्लेटकडं होतं. संध्याकाळी पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहिली गेली, तेव्हा खाली सही करणाऱ्यांत पहिलं नाव सत्यशीलाबाईंचं होतं.

दोन दिवसांनी चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गाठ चाचपली. सुपारीची आता लिंबाएवढी झाली होती. "लगेच कापता येणार नाही," ते म्हणाले. "आधी औषधं देऊन लहान करू. ठरल्या तारखेला आला असता तर सोपं होतं."

बाहेर बाकावर बसल्यावर मायनं डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "महाराजले माहीत होतं काय? थर्माकोल हाय म्हणून?"

"हो, माय."

"मले वाटे, त्यालेई भरोसा असन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माह्या गाठीवर हात ठेवून हासला होता तो."

वाटीत काय विरघळलं ते महाराजांना पुरतं ठाऊक होतं, आणि बाईच्या छातीत काय वाढतंय तेही. म्हणून कुणी तुमच्यासमोर गाठ विरघळवून दाखवली, तर भक्तिभावानं हात जोडू नका. ती कुणाच्या अंगातली, कुण्या डॉक्टरनं तपासली, ते विचारा. आणि दवाखान्याची तारीख मिळाली असेल, तर त्या दिवशी घरी बसू नका.