थोरलीची लाल फीत

"ताई, शेपटीचा गिअरबॉक्स आहे का स्टोअरमध्ये?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"असता तर लपवून काय लोणचं घालणार होते?" मी म्हटलं. "कारखाना आता नव्या हेलिकॉप्टरच्या कौतुकात आहे, साहेब. जुन्याचे भाग मागितले की म्हणतात, पुढच्या वर्षी. नवी सून आल्यावर जुनीला कोण विचारतो."

आमच्या दोन जुन्या हेलिकॉप्टरांपैकी धाकटी धावपट्टीजवळ उभी होती. तिच्या शेपटीचा पंखा फिरवणाऱ्या गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचा कीस सापडला होता, त्यामुळे उडायचं नाव नको. तिकडे डोंगरात दरड कोसळून आख्खी वस्ती अडकली होती. रस्ता मोकळा करायला पोकलेन उचलून न्यायचा होता आणि एवढं वजन पेलणारी आमच्याकडे ती एकटीच उरली होती.

थोरली हँगरच्या कोपऱ्यात. एका भागावाचून अडली आणि मग तिचंच एकेक काढून धाकटीला लावत गेलो. आम्ही तिला माहेर म्हणायचो. काही नडलं की जा माहेरी. फोरमनकाकांना ती चेष्टा आवडायची नाही. उमेदीच्या वयात त्यांनीच ती जोडली होती आणि निवृत्त होण्याआधी ती एकदा उडालेली त्यांना बघायची होती. "ओरबाडू नका रे तिला," असं म्हणत राहायचे.

"हिचा काढला तर?" साहेबांनी थोरलीकडे बोट दाखवलं.

"खराब आहे. लाल फीत आहे ना," मी म्हटलं.

लाल फीत म्हणजे भाग बाद. ती बांधायचा अधिकार काकांचा, आणि त्यांनी बांधली की कुणी खोलून बघत नसे.

काका फडक्याने हात पुसत होते. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"चांगला आहे तो," ते म्हणाले. "फीत मी खोटी बांधली. तो गेला की थोरली संपली, साहेब. कायमची."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकंच वाईटही वाटलं.

"मग आता विश्वास कशावर ठेवू, काका?" साहेबांनी विचारलं.

"माझ्यावर ठेवूच नका. दुसऱ्याकडून तपासून घ्या. बसवतो मी, आणि चाचणीला आत बसतो."

तशी आमच्याकडे रीतच आहे. जो जोडेल, त्याने पहिल्या उड्डाणाला आत बसायचं. काकांनी खिशातून तपासणीचा शिक्का काढून साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो घेतला, नको म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, म्हणतील.

दुपारी काका चाचणी करून उतरले आणि कुणाशी न बोलता हँगरमध्ये गेले. थोड्या वेळाने धाकटी पोकलेन खाली लटकवून डोंगराकडे निघाली. आम्ही सगळे माना वर करून बघत होतो. काका दिसेनात, म्हणून मी आत गेले.

ते शिडीवर होते, थोरलीच्या शेपटीपाशी. जिथून गिअरबॉक्स काढला, त्या रिकाम्या जागी तीच फीत बांधत होते.

"आता खरी आहे, ताई," ते म्हणाले.

गाठ बसत नव्हती. मी शिडी चढले आणि फितीचं एक टोक धरलं.